मंजुळेला कुठून बोलवायचं

तिवरखारचं नाव घेतलं की माझं डोकं फिरतं. झालं, घेतलं नाव, आता फिरलंच.

तिवरखार हे आमचं गाव. आता ते नाही. उरणच्या वाटेवर खाडीला लागून होतं. बंदरासाठी सरकारनं जमिनी घेतल्या, मिठागरं घेतली, माणसं उठवली, डोंगर फोडून त्याचा मुरूम आणून वर ओतला, आणि आता तिथं लोखंडाचे कंटेनर एकावर एक रचून ठेवलेत. आम्हाला पैसे मिळाले. त्या पैशांत इथं सुकापूरला तीन मजल्यांचं घर बांधलं, वरचे दोन मजले भाड्यानं दिले. नळ फिरवला की पाणी येतं, दाराशी रिक्षा येते, पनवेलचा डॉक्टर हाकेवर आहे. माणसानं सुखानं राहावं की नाही? पण सुगंधाच्या बापाला तिवरखार पाहिजे.

सुगंधाचा बाप म्हणजे माझा नवरा. नाव बळीराम, पण ते मी तोंडानं घेत नाही. घेते ते मनातल्या मनात, राग आला की, म्हणजे दिवसातून बरेचदा.

रोज संध्याकाळी हा माणूस ओट्यावर खुर्ची टाकतो. मागच्या गल्लीतून काशिराम येतो. तोही तिवरखारचाच, लहानपणापासूनचा दोस्त. मग दोघांचं सुरू होतं. पांडूच्या घराचं दार खाडीकडं होतं का देवळाकडं? चिंचेखाली बैल कोणाचे बांधलेले असायचे? कोणाच्या बोकडानं कोणाची भाजी खाल्ली आणि त्यावरून कोणाचं डोकं फुटलं? ऐकून ऐकून माझे कान किटले. एकदा तर दोघांनी गच्चीवर खडूनं अख्खं गाव काढलं, एकेक घर, एकेक गोठा. दुसऱ्या दिवशी मी त्यावर जवळा वाळत घातला. वास येतो म्हणून भाडेकरू बोंबलले, तरी दोन दिवस उचलला नाही.

आणि ऐकणारेही मिळतात. दुसऱ्या मजल्यावर वसुंधराबाई राहतात, मुंबईहून आलेल्या, दोघंही नवराबायको बँकेत. त्या खाली येऊन गालाला हात लावून बसतात. "किती सुंदर असेल हो तुमचं गाव, नुसतं पाणी आणि पक्षी." मी आतून भांडी आपटते. एकदा न राहवून बाहेर आले आणि म्हटलं, बाई, फाल्गुनात आमची विहीर खारी व्हायची. मग पलीकडच्या गावाहून डोक्यावरून पाणी आणायचं, बांधावरून, दोन हंडे आणि कडेवर पोर. मिठागरात काम करून पायाच्या टाचा अशा फाटायच्या की त्यात मीठ गेलं की डोळ्यापुढं अंधारी यायची. पावसाळ्यात चार महिने ना वाट, ना दिवा. पक्षी होते, खरंय, पण त्यांच्याकडं बघायला मान वर करावी लागते आणि आमच्या डोक्यावर हंडे होते. वसुंधराबाई म्हणाल्या, "तुम्ही फारच कष्ट काढलेत हो." पुढच्या मिनिटाला सुगंधाचा बाप म्हणाला, "पन काय हवा होती," आणि बाई परत गालाला हात लावून बसल्या.

अशात सुगंधाचं लग्न ठरलं. मुलगा कामोठ्याचा, चांगला नोकरदार, माणसं साधी. मी म्हटलं, सुटले. निदान चार दिवस घरात दुसरा विषय निघेल.

कसला निघतोय. या गृहस्थानं पत्रिका छापून आणल्या, त्यावर आपल्या नावाखाली 'मु. तिवरखार'. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अवो, तिथं कोन राहतं? कंटेनरच्या घरात राहता का तुमी? तर म्हणे, "सुकापूर आपलं गाव नाय. पोरीच्या लग्नात बापानं आपल्या गावचं नाव लावायचं नाय तं कोनाचं?" लग्नाची जागा खाली बारीक अक्षरात छापली होती, सुकापूरची, पण बारीक अक्षर वाचतो कोण?

हळदीच्या दिवशी सकाळी मांडववाल्याचा टेम्पो यायचा होता. खुर्च्या, सतरंज्या, जेवणाची मोठी पातेली, सगळं त्यात. आठ वाजले, नऊ वाजले, टेम्पोचा पत्ता नाही. मी आत-बाहेर करून दमले. पार उन्हं डोक्यावर आली तेव्हा तो उगवला. ड्रायव्हर घामाघूम, तोंडाला फेस. त्याला यांनीच पत्रिका दिली होती पत्त्यासाठी. तो बिचारा विचारत विचारत थेट तिवरखारला गेला, कंटेनरच्या फाटकाशी. तिथला वॉचमन म्हणाला, इथं कोणाचं लग्न नाही. ड्रायव्हर म्हणाला, पत्रिकेत आहे. दोघांची जुंपली. टेम्पो उन्हात उभा, आणि इकडं माझे पाहुणे जमिनीवर बसलेले.

आता दुसरा एखादा खजील झाला असता. सुगंधाचा बाप ड्रायव्हरला विचारतो, "फाटकाच्या उजव्या हाताला काय हाय आता? तिथं आमचं देऊल होतं."

तेव्हा माझं टाळकं सरकलं. नवऱ्याला आत बोलावलं, दार लोटलं आणि म्हटलं, "आज आणि उद्या मांडवात तिवरखारचं नाव काढायचं नाय. माझ्या पोरीचं लगीन मला सुखानं करू द्या. एक शब्द काढलात तर मी सगल्यांदेखत तमाशा करीन." तो खाली बघत उभा राहिला. एवढं कशाला, म्हणाला. एवढं कशाला ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

तेही सांगून टाकते. सुगंधाच्या आधी मला एक मुलगी होती, मंजुळा. अडीच वर्षांची होती, तुरुतुरु चालायची, बापाच्या मागं मिठागरापर्यंत जायची. आषाढात तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सुगंधा तेव्हा माझ्या पोटात. डॉक्टर पनवेलला, आणि पावसात जायला होडीशिवाय वाट नाही. आम्ही तिला घेऊन धक्क्यावर गेलो तर ओहोटी. होडी चिखलात रुतलेली. भरतीची वाट बघत बसलो तिथंच, डोक्यावर इरलं धरून. पाणी चढलं तोवर ती माझ्या मांडीवर गेली होती. अशी ती हवा होती तिवरखारची.

एवढ्या लहान लेकराला आमच्यात पुरतात. पुरायला बाप्ये जातात, आईला नेत नाहीत. हा आणि काशिराम घेऊन गेले. परत आल्यावर मी विचारलं, कुठं ठेवलीत? "बांधाला." बस, एवढंच. बांध म्हणजे गावाला आणि शेतांना समुद्रापासून राखणारा मातीचा लांबलचक वरवंड, सगळ्या गावाभोवती फिरलेला. त्याच्यात कुठं? तो उठून गेला. पुन्हा मी विचारलं ते बऱ्याच वर्षांनी, मुरमाचे डंपर यायला लागले तेव्हा. म्हटलं, आता सगळं बुजणार, एकदा जागा तरी दाखवा, हळदकुंकू वाहून येते. तर म्हणाला, "आता काय करायचंय त्याचं?" मी एकटीच बांधावरून चालत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठं थांबायचं ते कळेना, म्हणून कुठंच थांबले नाही. घरी येऊन भात लावला.

आणि हा माणूस सात-आठ वर्षं ओट्यावर बसून गाव आठवतोय. बोकड आठवतात, बैल आठवतात. माझी एक जागा तेवढी आठवत नाही. मग डोकं फिरणार नाही तर काय होईल?

असो. दुपारी हळदीला सुरुवात झाली.

आमच्यात लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. धवलारीण म्हणजे धवले गाणारी बाई. लग्नातलं एकेक काम ती गाण्यानं करते, ती गाते तेव्हाच हळद लागते, तिचं गाणं अडलं तर सगळं अडलं. आमच्या घरातच धवलारीण आहे, माझी सासू, हौसा. वय झालंय, डोळ्यांनी कमी दिसतं, पण आवाज असा की मांडवाबाहेरचा माणूस थांबतो. गंमत म्हणजे गावातली ही सगळ्यात जुनी बाई, पण ओट्यावरच्या त्या गप्पांत कधी बसत नाही. तिला काय म्हणायचं ते ती धवल्यात म्हणते.

तिला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं, "आये, आज जरा थोडक्यात आटपा." तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सुगंधा पाटावर बसली. बायका भोवती, हळदीची वाटी माझ्या हातात. वसुंधराबाई नवी साडी नेसून पुढं येऊन बसल्या होत्या. सासूनं डोळे मिटले आणि सुरू केलं. धवल्यात आधी देवांना लग्नाला बोलावतात, आणि देव तर गावातलेच. ये गो माय गावदेवी, मांडवाच्या दारी ये. मग शिवेवरचा वेताळ, मग विहिरीवरच्या सात आसरा. मी दात दाबून उभी. याला काही इलाज नव्हता, देवांना थोडंच सांगता येतं की तुमचं गाव बुजलं, येऊ नका.

तिकडं खांबाला टेकून सुगंधाचा बाप आणि काशिराम. सासू वेताळावरून विहिरीवर आली तसा काशिराम हळूच म्हणाला, "विहीर आधी लागते." सुगंधाचा बाप म्हणाला, "खुळा का काय, शिवेवरनं आलं तं वेताळ आधी." मी नुसतं वळून बघितलं. गप झाले दोघं.

देव झाले, मग घरातले मेलेले. त्यांनाही बोलावतात, आणि ज्याला जिथं पोचवला तिथून बोलावतात, म्हणजे त्याला वाट चुकायला नको. माझ्या सासऱ्यांना तिनं मसणवटीतल्या भेंडीच्या झाडाखालून बोलावलं. धाकट्या दिराला होडीसकट दर्यानं नेलं होतं, त्याला दर्यातून बोलावलं. बायका मागून सूर ओढत होत्या, ये गो, ये रे, ये. आणि सासू थांबली.

आम्ही वाट बघितली. बायकांना वाटलं, दम लागला असेल. कोणी पाणी पुढं केलं, तिनं हातानं बाजूला सारलं. सुगंधा मान वर करून माझ्याकडं बघायला लागली.

"आय इसरली," सुगंधाचा बाप म्हणाला. "आये, आता झालं की सगलं. हलद लावू दे."

"इसरली नाय," सासू म्हणाली. डोळे तसेच मिटलेले. "बळीराम, इकडं ये. मंजुळेला कुठून बोलवू?"

दुसऱ्यांच्या लग्नात ती त्यांची माणसं बोलावते. आमच्या घरातलं हे पहिलंच लग्न. माझ्या एवढं ध्यानातच आलं नव्हतं की आज मंजुळेचं नाव निघणार.

तो पुढं आला. "बांधाला," म्हणाला.

"बांध कवढा लांब हाय. बांधाला कुठं?"

त्यानं खांद्यावरच्या पंचानं तोंड पुसलं.

"भैनीचं लगीन हाय," सासू म्हणाली. "तिला सोडून मी हलद लावायची नाय. जागा सांग."

त्यानं काशिरामकडं बघितलं. काशिराम जमिनीकडं बघत होता. आणि मग माझ्यानं राहवेना. सगळ्या बायकांदेखत, कामोठ्याहून आलेल्या व्याह्यांच्या माणसांदेखत मी म्हटलं, "सांगा की. तुमाला तं सगलं गाव पाठ हाय. पांडूच्या दारापासनं सुरू करा हवं तं."

तो खाली बसला, सासूपुढं, चवड्यावर. बोलला ते तिच्याकडं बघून, पण मला ऐकू येईल असं.

"उघाडीच्या अलीकडं ठेवली व्हती," तो म्हणाला. उघाडी म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप. "उंच जागा बघून. पन श्रावणाच्या पुनवेला उधान आलं न् बांध तिथंच फुटला. सकाली मी न् काशिराम धावत गेलो तं जागाच नाय. खाडीचं पानी आत येत व्हतं न् भाईर जात व्हतं. ओहोटी लागली का मी चिखलात उतरायचो, शोधायचो. काशिरामला इचार. काय गावलं नाय. हिला काय सांगू? हिचे दिवस भरत आले व्हते."

मला ते फुटलेल्या बांधाचं काम आठवलं. असं भगदाड पडलं की सगळं गाव लागायचं ते बुजवायला, नाहीतर शेतं खारी होऊन जायची. मी पोटुशी असून चिखलाच्या टोपल्या वाहिल्या होत्या, कोणी नको म्हणालं तरी ऐकलं नव्हतं. घरात बसून मंजुळेचं फडकं दिसायचं, त्यापेक्षा टोपल्या बऱ्या.

"टोपल्या तर मीपन वाहिल्या," मी म्हटलं. "तिथंच ना?"

"तिथंच," तो म्हणाला. "तुझ्या हातातली टोपली मीच घेत व्हतो."

मी त्याच्याकडं बघत राहिले. माझ्या हातून टोपली घ्यायची, भगदाडात रिती करायची, परत माझ्या हातात द्यायची. दिवस दिवस. तोंडातून एक शब्द नाही. आणि आता म्हातारपणी ओट्यावर बसून रोज संध्याकाळी तोंडाचा पट्टा चालू, पांडूचं दार आणि चिंचेचे बैल. सगळं गाव फिरून यायचा आणि बरोब्बर उघाडीच्या अलीकडं थांबायचा. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. खोटं कशाला सांगू, मांडव नसता तर मारलीही असती.

सासू तशीच बसली होती. तिला रडायला-भांडायला सवड नव्हती, तिचं गाणं अडलं होतं. "रंभे," ती म्हणाली, "आता तूच सांग. जागा रायली नाय. मंग लेकीला कुठून बोलवू?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. वसुंधराबाईंनी गालाचा हात काढून तोंडावर ठेवला होता. मी काय सांगणार? गाव बुजलं, बांध बुजला, त्याच्याही आधी माझं लेकरू वाहून गेलं. ज्या गावाचं नाव काढू नका म्हणून मघाशी मी दार लोटून भांडले, तिथं माझ्यासाठी उभं राहायला पाऊलभर जागा नव्हती. आणि पोरीला तर बोलवायचंच होतं. तिला टाकून हळद लावायची, हे मलाही चालणार नव्हतं.

"खाडीतनं बोलवा," मी म्हटलं. "खाडी बुजवली नाय अजून कोनी."

सासूनं मान हलवली आणि सुरू केलं. ये गो माझे मंजुळे, खाडीच्या पान्यातनं ये, धाकट्या भैनीच्या मांडवात ये. बायकांनी सूर ओढला. मी पहिलं बोट हळदीत बुडवून सुगंधाच्या गालाला लावलं. ती रडत होती. तिला मोठी बहीण होती हे तिला माहीत होतं, पण आम्ही घरात तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. ओट्यावर रोज एवढं गाव निघायचं, त्यात हे एक नाव कधी निघालं नाही.

मी बाजूला झाले, बाकीच्या बायका पुढं सरसावल्या. सुगंधाचा बाप तिथंच भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. चारचौघांत आम्ही असे शेजारी कधी बसत नाही.

"बोला आता," मी म्हटलं. "गावाचं नाय. तिचं बोला."

तोंड उघडायचा आणि मिटायचा. रोज संध्याकाळी ज्याला आवरता आवरत नाही, त्याला दोन शब्द जुळेनात. मग म्हणाला, "थंडी वाजंल म्हनून तुझ्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला न् त्यात गुंडालली. तुझा वास येत व्हता त्याला."

हिरवं लुगडं माझ्या लग्नातलं. ते फाटलेलं मला पेटीत मिळालं तेव्हा यानंच सांगितलं होतं, उंदरांनी कुरतडलं. मी महिनाभर त्या उंदरांना शिव्या घालत फिरले होते, शेजारणीचं मांजर आणून बांधलं होतं.

"म्हंजे उंदीर नव्हते," मी म्हटलं.

"नव्हते."

मला या माणसाचा इतका राग आला की मी तोंडात पदर कोंबून रडायला लागले. हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. मी त्यांना म्हटलं, लावा तुम्ही, थांबू नका.